‘राहू दे’चं इंग्रजी

त्या सकाळी विमानात आम्ही दोघं होतो, आणि जमिनीला टेकायच्या आधीचे तीन-चार सेकंद ते विमान आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं. असं का झालं ते मी नंतर चौकशीत लिहून दिलं. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता. त्यातल्या एका वाक्यामुळे माझ्या सरांचं काम गेलं. ते वाक्य खोटं नव्हतं, पण बरोबरही नव्हतं. आता हे मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत ते एकदा लिहून झालं आहे.

मी परभणीची. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. स्वतः मराठी शाळेत शिकवायचे आणि मला मात्र त्यांनी पहिल्यापासून इंग्लिश मीडियमला घातलं. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. मी कधी बाहेर उभी राहिले नाही, कारण मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. इंग्रजी लिहायला शिकले आणि मराठी नुसती ऐकायला. घरात पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायची. दाराच्या फटीतून त्यांच्या चपला मोजायची आणि शेवटचा जोड गेला की बाहेर यायची.

बारावीनंतर विमान चालवायचं शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळते, हे पप्पांनी वर्तमानपत्रात वाचलं. नाही कसं म्हणायचं ते न सुचल्यामुळे मी फॉर्म भरला, आणि निवड झाली. मम्मीने पौर्णिमेला विहारात खीर वाटली. गल्लीतल्या बायका घरी आल्या.

“म्हणजे ते सरबत वाटायचं काम का ग?” एकीने विचारलं.

“न्हाई, ती चालवणार हाय,” मम्मी म्हणाली.

“आगं माय! आन् हिला तर स्कुटी रिव्हर्स घेता येत न्हाई.”

खरं होतं ते. मी दाराच्या आडून हसले.

शिकायची जागा आमच्या घरापासून बसने दोन तासांवर होती. माळरानावर एक आखूड धावपट्टी, विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर, वर्गांची दुमजली इमारत आणि दोन माणसांची चार छोटी विमानं. विमान इतकं लहान की शिकणारा डावीकडे आणि शिकवणारा उजवीकडे बसला की खांद्याला खांदा लागतो. दोघांसमोर एकेक हँडल असतं आणि पायाशी दोघांचे वेगळे पेडल. एकाने हँडल ओढलं की दुसऱ्याचंही मागे येतं. म्हणून विमान आत्ता कुणाच्या ताब्यात आहे हे बोलून ठरवावं लागतं. शिकवणाऱ्याला ते घ्यायचं असेल तर तो म्हणतो, ‘आय हॅव कंट्रोल’. शिकणाऱ्याने हात काढून उत्तर द्यायचं, ‘यू हॅव कंट्रोल’. पहिल्याच दिवशी हे आमच्याकडून पन्नास वेळा म्हणून घेतलं होतं.

माझे सर पूर्णेचे. वडील रेल्वेत गँगमन होते, आयुष्यभर रुळांवरून चालले. सर पन्नाशीच्या पुढचे, किरकोळ अंगाचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात साधी सॅंडल. विमानात बसताना तेवढे बूट घालायचे. पहिल्या चार-पाच उड्डाणांत त्यांनी मला सगळं इंग्रजीत सांगितलं. मी प्रत्येक वेळी “येस सर” म्हटलं, आणि हात मात्र लाकडासारखे. मग एका सकाळी वर गेल्यावर त्यांनी खिडकीतून खाली बोट केलं.

“ते बघ, रूळ फुटायलेत का? तीन बाजूंना? ती आमची पूर्णा.”

मी बघितलं. उन्हात चमकणाऱ्या रेषा एका ठिकाणी येऊन पुन्हा वेगळ्या होत होत्या.

“तू परभणीची ना? मग ‘येस सर, येस सर’ काय लावलंस? हो म्हन की.”

“हो,” मी म्हटलं.

“आता हँडल सोड जरा. तू विमान धरायली न्हाईस, त्याला पकडून ठेवायलीस. पळून जायलंय का ते? भाकरी येती का तुला?”

“नाही.”

“इंग्लिश मीडियम!” ते जोरात हसले. “बरं, मॅगी हलवतीस ना? तेवढाच जोर लाव.”

त्या दिवसापासून विमानात आम्ही मराठी बोलायला लागलो. नियमात ते बसत नव्हतं. रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत, ताबा द्यायचे-घ्यायचे शब्द इंग्रजीत, आणि बाकी सगळं सरांच्या बोलीत. माझे हात सैल झाले ते त्यामुळे. दुसऱ्या कुणी मला इतकं बोलतं केलं नव्हतं. घरी फोनवर मी मम्मीला वरून गोदावरी कशी दिसते ते पाच मिनिटं सांगितलं, तेव्हा तिने घाबरून विचारलं, बरं आहे ना तुला?

मला जमत नव्हतं ते फक्त उतरणं. लोकांना वाटतं विमान खाली आणायचं म्हणजे जमिनीवर टेकवायचं. खरं तर शेवटच्या क्षणी ते टेकू द्यायचं नसतं. धावपट्टीच्या हातभर वर आलं की नाक किंचित उचलून धरायचं आणि तसंच तरंगत ठेवायचं. वेग संपत जातो, आणि मग ते आपलं आपण बसतं. त्या तीन-चार सेकंदांत काही करायचं नसतं. जे धरलं आहे ते धरून ठेवायचं. घाई करून ओढलं तर विमान वर उडी घेतं आणि वेग नसल्यामुळे आदळतं. सोडलं तर नाक खाली जातं. वारा बाजूने असेल तर आणखी एक काम. वाऱ्याकडचा पंख थोडा खाली आणि उलट्या बाजूचा पाय दाबलेला. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. कुठलंही एक सुटलं की विमान वाऱ्याकडे तोंड वळवतं.

त्या सकाळी वारा डावीकडून होता, फार नव्हता. खरिपाची ज्वारी काढून झालेली, खालची रानं मोकळी. मी आधी दोनदा उतरले होते. एकदा बरी, एकदा धडपडत. तिसऱ्या वेळी सगळं जुळून आलं होतं. डावा पंख खाली, उजवा पाय दाबलेला, धावपट्टीची मधली रेघ बरोबर समोर. मी नाक उचललं. विमान तरंगायला लागलं. माझ्या आयुष्यात मी काही इतकं बरोबर केलं नव्हतं, आणि तसं वाटलंही मला त्या क्षणी.

सर म्हणाले, “हां. राहू दे. राहू दे.”

मी हात सोडले. पायही काढले.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. डावा पंख वर गेला. नाक डावीकडे वळलं. धावपट्टी तिरकी दिसायला लागली. सरांच्या तोंडून “अगं” एवढंच आलं आणि त्यांचा हात हँडलकडे गेला, पण तोवर चाकं तिरकी आदळली होती. विमान उसळलं, पुन्हा आदळलं आणि गवतात शिरलं. पुढे पाणी वाहून जायची नाली होती, ती मला दिसली. सरांनाही दिसली असणार, कारण त्यांनी डावा हात माझ्यापुढे आडवा टाकला. जीपमध्ये अचानक ब्रेक लागला की बाजूच्या लेकराला धरतात, तसा. मला खांद्यावरून दोन्ही बाजूंनी पट्टे होते. त्या हाताची काही गरज नव्हती. पुढचं चाक नालीत मोडलं, नाक खाली गेलं, आणि तो हात समोरच्या पॅनेलवर आपटला.

मग एकदम शांत झालं. पेट्रोलचा वास येत होता. सरांनी उजव्या हाताने एकेक बटण बंद केलं आणि म्हणाले, “उतर. पळ. माझी वाट बघू नको.” मी उतरले, पण पळाले नाही. त्यांची बाजू उघडून त्यांना बाहेर काढलं. माझा ओठ फाटला होता. त्यांचं डावं कोपर तीन ठिकाणी मोडलं होतं.

चौकशीला बाहेरून दोन अधिकारी आले. त्यांच्यातल्या वयस्कर माणसाने मला कोरे कागद दिले आणि अगदी मऊपणे सांगितलं की जे झालं ते आठवेल तसं लिही, घाई नाही. त्यांना मराठी येत नव्हती. मी लिहीत गेले. माझं इंग्रजी चांगलं आहे. वारा, वेग, उंची, सगळं क्रमाने लिहिलं. सरांच्या शब्दापाशी आले तेव्हा पेन थांबलंसुद्धा नाही. मी लिहिलं, ‘ही टोल्ड मी टू लीव्ह इट. आय लेफ्ट इट.’

मला जे ऐकू आलं तेच मी लिहिलं होतं. आमच्या घरात ‘राहू दे’ म्हणजे तेच. मी झाडू घेतला की मम्मी तो हातातून काढून घ्यायची, “राहू दे, अभ्यास कर.” कणीक मळायला बसले, “राहू दे, मी करते.” पातेलं उचललं, “राहू दे, सांडशील.” तो शब्द ऐकला की माझे हात आपोआप रिकामे होतात. लहानपणापासून होत आले आहेत.

पण सर ताबा घ्यायचा तेव्हा नेहमी इंग्रजीतच सांगायचे. एकदाही चुकले नव्हते. त्या सकाळी ते ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणाले नव्हते. हे मला माहीत होतं. तेही मी लिहिलं. आणि तेही नेमकं त्यांच्याविरुद्ध गेलं.

सरांना दवाखान्यात जाऊन विचारलं. माझा जबाब त्यांना वाचून दाखवला. ‘लीव्ह इट’ म्हणालात का, असं विचारल्यावर ते हो म्हणाले आणि उजव्या हाताने सही केली. अहवाल आला. शिकवणाऱ्याने शिकणारीला विमान सोडायला सांगितलं, पण ठरलेल्या शब्दांत ताबा घेतला नाही आणि वेळेत घेतला नाही. सरांना काढलं. हँगरच्या दाराशी नवा कागद लागला की विमानात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. मला नवे शिक्षक मिळाले. ते चांगले होते. कमी बोलायचे, स्पष्ट बोलायचे. ‘होल्ड इट’ म्हणजे धरून ठेव. त्यात दुसरा अर्थ निघायला जागा नव्हती. मी त्यांच्याबरोबर नीट उतरायला शिकले, आणि वर असताना खाली पूर्णेचे रूळ दिसले तरी कुणाला काही म्हटलं नाही.

उन्हाळ्यात चार दिवस घरी आले तेव्हा पप्पा कूलर बसवत होते. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर चढवायचा. मी एका बाजूने हात लावायला गेले तर मम्मी म्हणाली, “राहू दे ग, तू सरक,” आणि माझ्या जागी तिने धरलं. मी सरकले. पप्पा खाली बसून पान्याने नट आवळायला लागले.

“अजून थोडा वर,” ते म्हणाले. “अजून. हां. राहू दे, राहू दे.”

मी दचकले. मला वाटलं आता ती सोडणार आणि कूलर पप्पांच्या डोक्यावर येणार. पण मम्मीने सोडला नाही. दात-ओठ खाऊन धरून राहिली. पप्पांनी निवांत दोन नट आवळले, तिसरा हातातून पडला तो शोधला, तोही आवळला.

“मम्मी, तू सोडलं का नाहीस?”

“आँ?”

“पप्पा राहू दे म्हणाले ना.”

“मग? राहूच दिलं की. सोडून त्यांच्या डोक्यात घालू का?” ती घाम पुसत म्हणाली. “एवढं शिकून काय विचारायलीस ग?”

पप्पा हसले. मी आतल्या खोलीत गेले आणि पलंगावर बसून राहिले. एका मिनिटाच्या आत तिने तोच शब्द म्हटला होता आणि तोच शब्द ऐकला होता. म्हटला तेव्हा त्याचा अर्थ सोड असा होता आणि ऐकला तेव्हा धर असा. तिला विचार करावा लागला नव्हता. पप्पांनाही नाही. सरांनाही लागला नसणार. माझं तरंगणारं विमान बघून ते म्हणाले होते, छान आहे, जसं आहे तसंच असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी पूर्णेला गेले. घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं. पत्ता माझ्याकडे नव्हता, पण स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला लगेच कळलं.

“इमानवाले सर का? हात मोडलेले? बसा.”

दार काकूंनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि आत तोंड करून म्हणाल्या, “अहो, ती आली. बारीकच हाय की हो. मला वाटलं, इमान पाडणारी म्हंजे चांगली दांडगी आसल.”

“पाडलं न्हाई,” आतून सरांचा आवाज आला. “उतरवलं. जरा बाजूला उतरवलं. ये ग बेटा.”

ते खाटेवर बसले होते. डावा हात कोपरात वाकलेलाच राहिला होता. बाहेरचं कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, काहीतरी काखेत धरून बसले आहेत. मी बोलायचं ठरवून आले होते. गाडीत वाक्यं जुळवली होती, पण ती सगळी इंग्रजीत होती. शेवटी मी नुसतं कूलरचं सांगितलं. मम्मी काय म्हणाली, पप्पा काय म्हणाले, आणि तिने सोडलं नाही ते.

सर म्हणाले, “मला कळलं होतं.”

“कधी?”

“तुझा कागद वाचून दाखवला ना त्यांनी, तवाच. म्हनलं, पोरीला असं ऐकू आलं व्हय.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय सांगू? मी धर म्हनलो आन् हिनं सोडलं? सरकारी शिष्यवृत्ती हाय तुझी. काढून टाकायला त्यांना तेवढं कारन बास होतं. आन् मी खोटं बोललो न्हाई. ‘लीव्ह इट’ म्हनलात का, इचारलं. ‘राहू दे’ला इंग्रजीत तसं बी म्हनतात की.”

“तसं पण म्हणतात,” मी म्हटलं. “नुसतं तसं नाही म्हणत.”

“माझा हात तर गेलाच होता. वर जायला मला आता कोन परवानगी देनार? मंग म्हनलं, एकाचं तर राहू... एकाचं तर नीट होऊ दे.” ते अडखळले आणि हसले. मला हसता आलं नाही.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप जरा आपटूनच ठेवला. “हात गेला तर गेला. वर्गात शिकवायला हात लागत न्हाई. तोंड लागतंय. तिथं तरी घ्या म्हनून हे तीनदा गेले. ते म्हनतात, साहेब, रिपोर्टमधी तुमी बरोबर हुकूम दिला न्हाई असं हाय. आशा माणसाला पोरांपुढं कसं उभं करावं?”

“तू गप बस,” सर म्हणाले.

“मी गपच हाय. सहा महिने झाले गपच हाय.”

निघताना सर दारापर्यंत आले. “तू काही लिहायबिहायचं न्हाई,” ते म्हणाले. “समजलं का? माझं सांगणं हाय.”

हे मला लिहायलाच हवं. त्यांनी तसं म्हटलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी पुन्हा माझ्या हातातलं काढून घेतलं होतं, आणि मी देऊनही टाकलं. परतीच्या गाडीत मी खिडकीत बसून शेंगा खाल्ल्या. परभणी येईपर्यंत पुडी संपली होती.

पंधरा दिवसांनी माझं एकटीचं पहिलं उड्डाण होतं. शेजारची सीट रिकामी. मी गेले, एक फेरी मारली आणि उतरले. चाकं टेकली ते कळलंही नाही इतकी नीट उतरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, तशी तिथली पद्धत आहे. नवे शिक्षक म्हणाले की त्यांनी शिकवलेल्यांत इतकं शांत उतरणं पहिल्यांदा बघितलं. मी ओल्या कपड्यांत उभी होते, आणि मला सारखं वाटत होतं की हे ज्यांना बघायला हवं होतं ते सहा महिने गप बसलेल्या एका घरात खाटेवर बसले आहेत, आणि मी त्यांना साधा फोनही करू शकत नाही. केला तर त्यांना आनंद होईल, आणि तो मला सहन होणार नाही.

तरी मी आणखी तीन आठवडे घालवले. एक परीक्षा होती ती होऊ दिली. मग चौकशीवाल्यांना पत्र लिहिलं आणि संस्थेच्या ऑफिसात दिलं. सगळं इंग्रजीत, फक्त एका जागी देवनागरीत दोन शब्द. खाली लिहिलं की या शब्दांचे दोन अर्थ होतात, बोलणाऱ्याचा एक होता आणि मी दुसरा धरला. ताबा बदलायचे शब्द उच्चारलेले नसताना हात काढायचा नाही हे मला शिकवलेलं होतं, तरी मी काढला.

संस्थेच्या मुख्य साहेबांनी मला बोलावलं. ते उत्तरेकडचे. पत्र समोर धरून त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या क्लार्कला विचारलं, “इसका मतलब क्या है?”

क्लार्क सेलूकडचे होते. त्यांनी वाचलं. “साहब, दोनों होता है.”

“दोनों मतलब?”

“छोडो भी, और पकडो भी.”

साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं. “तुम लोग घर कैसे चलाते हो?”

“चलता है साहब,” क्लार्क म्हणाले.

मला अडीच महिने उडू दिलं नाही. पुन्हा परीक्षा घेतली, पुन्हा पहिल्यापासून काही तास शिकवलं, पण काढलं नाही. पप्पांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी शाळेत मुलांची शुद्धलेखनं तपासतात तशी माझ्या पत्राची प्रत दोनदा वाचली आणि घडी घालून परत दिली. अहवालाला एक पान जोडलं गेलं. त्यात सरांचा शब्द चुकीचा नव्हता असं साधं लिहिलं होतं. मग साहेबांनी स्वतः पूर्णेला फोन केला आणि सर वर्गात शिकवायला आले.

आले त्या दिवशी मला ओरडले. “सांगितलं होतं ना मी?” एवढंच, पण जोरात. मी मान खाली घालून उभी राहिले. मला बरं वाटत होतं. वाटलं, झालं, सगळं नीट झालं.

सरांचा तास वरच्या मजल्यावर असायचा. त्या वर्गाच्या खिडक्या धावपट्टीकडे आहेत. सर फळ्यावर उजव्या हाताने पंखाची आकृती काढायचे, वाऱ्याचे बाण काढायचे, आणि बाहेर एखादं विमान उतरायला आलं की बोलता बोलता थांबायचे. चाकं जमिनीजवळ आली की त्यांचा वाकडा डावा हात हळूहळू मागे यायचा. जेवढा येत होता तेवढाच. उतरणाऱ्या विमानाचं नाक खाली राहिलं तर खांदाही उचलला जायचा. त्यांना ते कळत नव्हतं. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. पण आवाज येतोच. इंजिन मंद झालं की ते बोलायचे थांबायचे. आम्ही सगळे थांबायचो. विमान टेकल्याचा आवाज आला की पुन्हा सुरू.

चौथ्या आठवड्यात त्यांनी साहेबांना सांगितलं की जमत नाही.

मी त्यांना गेटबाहेरच्या थांब्यावर सोडायला गेले. बॅग माझ्याकडे होती.

“तू लिहिलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “तुझ्या काकूला बरं वाटलं. चार लोकांना दाखवती ते पान.”

“आणि तुम्हाला?”

“मला बी. पन मला वाटायचं, लोकं इथं येऊ देत न्हाईत म्हनून वाईट वाटायलंय. तसं नव्हतं बेटा ते.”

बस आली. मी बॅग आत नेऊन वरच्या रॅकवर ठेवली, कारण त्यांना हात वर नेता येत नाही. ते उजव्या बाजूच्या खिडकीत बसले. मी खाली उतरून, बसला वळसा घालून त्या खिडकीपाशी उभी राहिले. कंडक्टर अजून चहा पीत होता. ही बस पुढे बराच वेळ धावपट्टीच्या कुंपणाला लागून जाते, उजवीकडच्या खिडक्यांतून सगळी धावपट्टी दिसते. मागे कुठेतरी एक विमान उतरायला वळलं होतं, त्याचा आवाज येत होता. सरांनी एकदा तिकडे बघितलं. मग ते उठले, वाकडा हात सांभाळत मधल्या वाटेतून सरकले, आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.